स्वरसाधनेचा धीर : अँथनी गोन्साल्विस

वाद्य शिकणाऱ्याच्या धीराची परीक्षा प्रत्येक वाद्य पाहते. परंतु व्हायोलिनइतका कठोर परीक्षक विरळाच. नायगाव, देगलूर, बिलोली या परिसरातील एखाद्या गावात भजनी मंडळाच्या पेटीवर बसणारा मुलगा पहिल्याच दिवशी पट्टी दाबतो आणि त्याला स्वर मिळतो. तो स्वर वाद्य बनविणाऱ्याने आधीच लावून ठेवलेला असतो. व्हायोलिनमध्ये अशी सोय नाही. चार तारा, गुळगुळीत पट्टी आणि हातात गज एवढेच साहित्य. सतारीसारखे पडदे नाहीत, पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. बोट केसभर पुढेमागे झाले, की स्वर बिघडतो. गजावर दाब अधिक पडला तर वाद्य किंचाळते, कमी पडला तर घोगरते. कानाला बरे वाटावे असे काही या वाद्यातून निघण्यासाठी काही महिने जावे लागतात आणि चारचौघांत वाजविण्याजोगे काही निघण्यासाठी वर्षे. या वर्षांत शिष्याला टिकवून धरणारी शिस्त कोठून येते, हा प्रश्न जितका संगीताचा आहे, तितकाच तो मनोधारणेचा आणि श्रद्धेचाही आहे.

गोव्यातील माजोर्डा गावी जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विस यांचे आयुष्य हे या प्रश्नाचे एक उत्तर होते. हे नाव भारतात ठाऊक नाही असा चित्रपटरसिक सापडणे कठीण. मात्र बहुतेकांना ते ठाऊक आहे ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यामुळे. पडद्यावरचा तो रंगेल, भांडखोर आणि विनोदी अँथनी काल्पनिक होता. ज्यांच्यावरून ते नाव घेतले गेले, ते गोन्साल्विस मात्र शांत, अबोल आणि कमालीचे शिस्तप्रिय संगीतज्ञ होते. त्यांना जाऊन आता एक तप उलटून गेले आहे, आणि ज्या चित्रपटसृष्टीत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली ती तर कधीचीच इतिहासजमा झाली आहे.

अँथनी यांचा जन्म १९२७ साली झाला. माजोर्डा हे साष्टी तालुक्यातील, मडगावनजीकचे समुद्रकाठचे गाव. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. अँथनी यांचे वडील जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे गावच्या चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. ख्रिस्ती उपासनेत संगीताचे स्थान शोभेपुरते नसते. मिस्सा, लदिन, सणवार, लग्न आणि अंत्यविधी या साऱ्यांत गायन हा प्रार्थनेचाच भाग असतो. त्यामुळे चर्चच्या संगीतप्रमुखाची जबाबदारी मोठी. त्याचा स्वर चुकला तर सगळ्या गावाची प्रार्थना अडखळते. अशा घरात वाढलेल्या मुलाला संगीताची ओळख छंद म्हणून झाली नाही. वडिलांच्या हाताखाली, अगदी कोवळ्या वयात, त्याचे शिक्षण सुरू झाले.

त्या शिक्षणाची रीत समजून घेण्यासारखी आहे. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळा चालत आल्या होत्या. अक्षरओळख आणि धर्मशिक्षण यांच्या जोडीने तेथे संगीतही शिकविले जाई. शिकविणाऱ्या गुरुजींना ‘मेस्त’ म्हणत. या मेस्तांची शिस्त कडक असे. मुलाच्या हाती लगेच व्हायोलिन पडत नसे. आधी स्वरलेखन वाचायचे, पाच रेघांवरील ठिपके पाहून स्वर अचूक म्हणायचे, हाताने ताल मोजायचा. ‘सोल्फेज’ या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास पक्का झाल्यावरच वाद्याला हात लावण्याची परवानगी मिळे. त्यानंतर एकेका मोकळ्या तारेवर लांब, सरळ गज ओढण्याचा सराव. मग एक बोट, मग दुसरे. आवडीची चाल वाजविण्याची घाई कितीही असली, तरी मेस्तांच्या लेखी तिला किंमत नसे.

आपल्याकडील गुरुकुल परंपरेशी ही पद्धत ताडून पाहिली, की साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. एकच षड्ज महिनोन्महिने लावून घेणारे उस्ताद आणि एकाच तारेवर गज ओढायला लावणारे मेस्त हे एकाच वृत्तीचे. दोघांनाही ठाऊक होते, की सुरुवातीला वाचविलेला वेळ पुढे दामदुपटीने फेडावा लागतो. भेद आहे तो साधनांत. आपली विद्या कानाने घ्यायची आणि कंठात साठवायची. गोव्यातील विद्या कागदावरून डोळ्यांनी वाचायची आणि तत्क्षणी हातांनी वाजवायची. या भेदामुळेच पुढे गोव्यातील वादकांना मुंबईत मानाचे पान मिळाले.

ख्रिस्ती विचारात धीराला स्वतंत्र मूल्य आहे. बी पेरून पावसाची वाट पाहणारा शेतकरी आणि धन्याने सोपविलेले धन जपून वाढविणारा दास, हे बायबलमधील दाखले गोव्यातील प्रत्येक मूल लहानपणापासून ऐकते. अंगचे गुण हे आपले नव्हेत, ते सोपविलेले आहेत आणि त्यांचा हिशेब द्यावयाचा आहे, ही त्यामागील धारणा. या धारणेत रियाजाचा कंटाळा ही केवळ वैयक्तिक उणीव राहत नाही. सोपविलेली ठेव पुरून ठेवण्यासारखे ते होते. त्यातच गोव्यातील चर्चची रचना अशी, की गायक-वादकांचा सज्जा बहुधा मुख्य दरवाजाच्या वर, उपासकांच्या पाठीमागे असतो. उपासक वेदीकडे तोंड करून असतात. त्यांना सूर ऐकू येतात, वाजविणारे दिसत नाहीत. न दिसता चोख वाजविणे, ही सवय मुलांच्या अंगी तेथेच भिनते.

१९४३ साली अँथनी गोन्साल्विस मुंबईत आले. त्या वेळी ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. पोर्तुगीज गोव्यात संगीत शिकण्याची सोय होती, पण त्यावर पोट भरण्याची नव्हती. मडगावहून कॅसलरॉक आणि लोंढ्यामार्गे घाट ओलांडणाऱ्या रेल्वेने कित्येक पिढ्यांचे गोमंतकीय तरुण मुंबईच्या वाटेला लागले होते. कोणी बोटीवर खलाशी झाले, कोणी स्वयंपाकी, तर कोणी हॉटेलांतील वाद्यवृंदात वादक. धोबी तलावाच्या परिसरात गावोगावच्या लोकांनी उभारलेले ‘कूड’ म्हणजे त्यांच्या सामाईक खोल्या होत्या. तेथे एका खोलीत अनेकजण राहत, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करीत आणि कामाच्या खबरा एकमेकांना देत.

चित्रपटसंगीत त्याच काळात कात टाकत होते. पार्श्वगायनाची पद्धत रुळली होती आणि संगीतकारांना मोठ्या वाद्यवृंदाची ओढ लागली होती. संगीतकार चाल बांधत, ती पेटीवर गाऊन दाखवत. परंतु ती चाल वीस-तीस व्हायोलिने, चेलो, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांच्यात वाटून देणे, प्रत्येक वादकाचा भाग स्वतंत्र लिहून काढणे आणि थोड्या तालमींत तो बसविणे, हे काम पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणारेच करू शकत. येथे गोव्यातील मेस्तांची शिकवण फळाला आली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा उभे राहिले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’तील उसळत्या संगीतात चिक चॉकलेट या टोपणनावाने गाजलेल्या हळदोण्याच्या वादकाचा ट्रम्पेट घुमला. अँथनी गोन्साल्विस यांनी नौशाद यांच्या वादकसमूहात व्हायोलिनवादक म्हणून प्रवेश केला आणि पुढे वादक व संगीत संयोजक म्हणून नाव कमावले.

त्या काळचे ध्वनिमुद्रण हीदेखील धीराची कसोटीच होती. आजच्यासारखे तुकडे जोडण्याची सोय नव्हती. गायक, तबलजी, व्हायोलिनवादक असे सर्वजण एकाच वेळी, एकाच दालनात बसून संपूर्ण गाणे वाजवीत. शेवटच्या ओळीत एका वादकाचा गज घसरला, तरी गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागे. साठ-सत्तर माणसांचे श्रम आपल्या एका बोटावर अवलंबून आहेत, या जाणिवेने वाजवावे लागे. आणि एवढे करून श्रेयनामावलीत वादकाचे नाव क्वचितच येई. चर्चच्या सज्ज्यातील वादकाप्रमाणे येथेही तो ऐकू येत होता, दिसत नव्हता. फरक इतकाच, की सज्ज्यात सारेजण देवासाठी वाजवीत, येथे पाकिटासाठी. त्या व्यवहारात राहूनही कामाची शुचिता राखणे गोन्साल्विस यांना साधले.

व्यवसायात स्थिरावल्यावर एखादा वादक आपले शिक्षण पुरे झाले असे मानतो. गोन्साल्विस यांनी नेमके तेव्हा नव्याने शिकण्यास सुरुवात केली. मुंबईत त्यांच्या कानावर हिंदुस्थानी रागसंगीत पडले आणि त्या स्वरांनी त्यांना झपाटले. लहानपणापासून पाश्चात्त्य स्वरसप्तकात मुरलेल्या कानाला ही वाट सोपी नव्हती. तोडी थाटाचे उदाहरण घ्यावे. त्यात रिषभ, गांधार आणि धैवत कोमल, तर मध्यम तीव्र असतो. तोडी रागाचा गांधार तर पियानोच्या पट्टीवर मिळतो त्याहूनही किंचित उतरलेला असतो आणि तो स्थिर न राहता हलकेच आंदोलतो. पाच रेघांच्या कागदावर ठिपका काढता येतो. त्या ठिपक्याचा श्वास लिहिता येत नाही. त्यासाठी कागद बाजूला ठेवून जाणकारांपुढे बसावे लागते. हुकमी वाचन करणाऱ्या या वादकाने ते केले. ज्या विद्येच्या बळावर आपले पोट चालते तिला वळचणीला ठेवून पुन्हा विद्यार्थी होणे, यासाठी लागणारा विनय हा शिस्तीचाच एक भाग आहे.

या अभ्यासातून त्यांच्या आयुष्याचे ध्येय आकाराला आले. राग आणि सिंफनी यांचा मेळ घालायचा, असे त्यांनी ठरविले. अडचण मूलभूत होती. भारतीय संगीतात एका वेळी एकच स्वररेषा पुढे जाते आणि तिचा विस्तार कलावंत तेथल्या तेथे करतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात अनेक स्वररेषा एकाच वेळी वाजतात आणि प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो. रागातील वर्ज्य स्वर टाळून स्वरमेळ बांधायचा, तर हाती फार थोडे उरते. सारंगात गांधार आणि धैवत वर्ज्य. मग ज्या गांधाराच्या आधारे पाश्चात्त्य स्वरमेळ उभा राहतो, तोच नसताना काय करायचे? स्वरमेळासाठी वर्ज्य स्वर घ्यावा तर राग मोडतो. न घ्यावा तर वाद्यवृंद पोकळ वाटतो. अशा कोड्यांची उत्तरे प्रतिभेच्या एका झटक्यात मिळत नसतात. ती लिहून, वाजवून, खोडून पुन्हा लिहावी लागतात. गोन्साल्विस यांनी सारंग रागावर कॉन्चेर्टो लिहिला, तोडी थाटात व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी रचना केली आणि ‘सोनाटिना इंडियाना’ सिद्ध केली.

१९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांच्या या रचनांचा कार्यक्रम झाला. त्यासाठी त्यांनी सुमारे ११० वादकांचा वाद्यवृंद उभा केला होता. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासारखे गायक त्यात सहभागी झाले. एरवी काचेआड बसणारे चित्रपटसृष्टीतील वादक त्या दिवशी श्रोत्यांसमोर होते. भारतीय रागांवर आधारित सिंफनी भारतीय वादकांनी वाजवावी, हे त्या माणसाने वर्षानुवर्षे उराशी बाळगलेले स्वप्न प्रत्यक्षात उतरले.

त्या स्वप्नाला दीर्घायुष्य मात्र लाभले नाही. शंभरावर वादकांचा ताफा सांभाळायचा तर तालमींचा खर्च, जागा, वाद्ये आणि राजाश्रय किंवा लोकाश्रय हवा. स्वतंत्र भारतात तेव्हा अभिजात संगीताच्या सभा भरत होत्या आणि पाश्चात्त्य संगीताच्याही; दोहोंच्या मधल्या वाटेवर चालणाऱ्याला दोन्हीकडे परके मानले जाई. येथे धीर आणि शिस्त यांविषयी एक कटू सत्य समोर येते. या गुणांनी विद्या मिळते. यशाची हमी मिळत नाही. साधना केली की फळ मिळतेच, असे सांगणारी चरित्रे अर्धवट असतात. गोन्साल्विस यांचे चरित्र त्या जातीचे नाही आणि म्हणूनच ते विचार करायला लावते.

या प्रयोगाला पुरेसा आश्रय मिळाला नाही, तरी त्यांची विद्या पुढे गेली, ती शिष्यांच्या रूपाने. ते व्हायोलिन शिकवीत. ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा प्यारेलाल त्यांच्याकडे शिकायला येऊ लागला. घरची परिस्थिती बिकट होती. वयाच्या आठव्या वर्षी व्हायोलिन हाती घेतलेला हा मुलगा दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास सराव करी आणि बाराव्या वर्षी स्टुडिओत वाजवून घराला हातभार लावी. अशा मुलाला गोन्साल्विस यांनी वादनाबरोबर वाद्यवृंदाचे शास्त्रही दिले. हाच मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल म्हणून देशाला परिचित झाला. राहुलदेव बर्मन यांनीही गोन्साल्विस यांच्याकडे धडे घेतले. हिंदी चित्रपटसंगीताचा पुढचा पाव शतकाचा काळ ज्यांनी व्यापला, त्यांतील दोघेजण माजोर्ड्याच्या चर्चमधून निघालेल्या या परंपरेचे वारस ठरले, ही गोष्ट लहान नव्हे.

१९६५ साली गोन्साल्विस यांना अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात जाण्यासाठी अनुदान मिळाले आणि चालता व्यवसाय सोडून ते गेले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते पुन्हा एकदा अभ्यासक झाले. परत आल्यावर त्यांनी चित्रपटसृष्टीत नव्याने पाय रोवण्याची धडपड केली नाही. ते माजोर्ड्याला आपल्या घरी गेले आणि तेथेच शांतपणे राहिले. मुंबई त्यांना हळूहळू विसरत गेली.

विसरले नाहीत ते प्यारेलाल. मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन यांच्या पात्राचे नाव आरंभी अँथनी फर्नांडिस असे ठरले होते. गाणे रचताना हे आडनाव चालीत नीट बसेना. तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे आडनाव सुचविले. आनंद बक्षी यांनी ते शब्दांत गुंफले, किशोरकुमार यांनी गायिले आणि काही महिन्यांत ते नाव देशभर मुलाबाळांच्या तोंडी झाले. ज्या माणसाने उभे आयुष्य पडद्यामागे काढले, त्याचे नाव अशा रीतीने पडद्यावर आले. तेही एका विनोदी गाण्यात, आणि ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या नावाचा खरा धनी ठाऊक होता. पण गुरुदक्षिणेचे मोल जगाला ती कळण्यावर अवलंबून नसते. शिष्याने ती दिली, एवढे पुरेसे होते. मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी पुढे त्यांच्यावर माहितीपट करून त्या नावामागचा माणूस रसिकांसमोर आणला.

१८ जानेवारी २०१२ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी अँथनी गोन्साल्विस यांचे गोव्यात निधन झाले. २०२४ साली प्यारेलाल यांना पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा गुरू हयात नव्हते.

आज वाद्य शिकविणाऱ्या चित्रफिती भ्रमणध्वनीवर सहज मिळतात. काही दिवसांत गाणे वाजवून दाखविण्याचे आश्वासन त्यांत असते. ज्याला गाणे वाजवायचे आहे, त्याला त्या उपयोगी पडतील. ज्याला वाद्य शिकायचे आहे, त्याला मात्र मेस्तांची वाट टाळता येणार नाही. गावातील प्रार्थनामंदिरात पेटीवर बोटे फिरविणारा मुलगा असो, विठ्ठलाच्या देवळात मृदंगावर हात बसविणारा असो, वा शहरात व्हायोलिनची शिकवणी लावलेली मुलगी असो, प्रत्येकाच्या वाट्याला तो कंटाळवाणा काळ येतोच, जेव्हा हात ऐकत नाहीत, घरचे कंटाळतात आणि प्रगती दिसत नाही. बरीचशी वाद्ये याच टप्प्यावर माळ्यावर जातात. कौतुकाच्या आशेने शिकणारा येथे थांबतो. आपल्याकडे काहीतरी सोपविलेले आहे, या भावनेने शिकणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा गज हातात घेतो.

गोन्साल्विस यांनी हा गज सुमारे आठ दशकांपूर्वी मुंबईत आणला. त्यांच्या सिंफनी आज फारशा वाजत नाहीत. तथापि, साठ-सत्तरच्या दशकांतील एखाद्या हिंदी गाण्यात गायकाचा स्वर क्षणभर थांबतो आणि व्हायोलिनांचा मेळा एकदिलाने उचल खातो, तेव्हा त्या अचूकतेमागे गोव्यातील एखाद्या चर्चचा सज्जा, एकाच तारेवर ओढलेले असंख्य गज आणि कोण्या मेस्तांचा न सुटलेला संयम उभा असतो.